तेलाचे दप्तर

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मराठी इतिहासलेखनाच्या दृष्टीने भाग्यवान म्हणावे लागतील. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तो वाईत हाती आलेल्या पत्रांच्या आधारावर. त्याच सुमारास मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरांतले कागद वाचून त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापू लागले होते. बखरीवर विसंबायचे नाही, घटना घडत असताना लिहिला गेलेला कागद शोधायचा, ही शिस्त मराठीत रुजली ती बरीचशी कृष्णाकाठच्या या पट्ट्यात.

या लेखाचा विषय त्याच पट्ट्यातले एक निराळे दप्तर हा आहे. ते मोडीत नाही, आणि ते कोणा सरदाराच्या वाड्यातही सापडणार नाही. यंत्रांच्या पोटातून ठरावीक मुदतीने काढलेले तेलाचे नमुने आणि त्यांच्या तपासणीतून भरलेल्या वह्या, असे त्याचे स्वरूप आहे. रेल्वेचे डिझेल इंजिन, वीजकेंद्रातले रोहित्र, साखर कारखान्यातली टर्बाइन, पठारावरची पवनचक्की, उपसा सिंचन योजनेचा पंप, या सगळ्यांच्या प्रकृतीची नोंद अशा वह्यांत होत आली आहे. यंत्रांचा इतिहास लिहायचा झाला तर त्याचे अस्सल साधन हेच, असे मला वाटते.

तुलना ओढूनताणून केलेली वाटण्याचा संभव आहे. म्हणून थोडे स्पष्ट करतो. एखादे मोठे यंत्र मोडले की कारखान्यात जी हकीकत सांगितली जाते ती बखरच असते. पहिल्या पाळीचा माणूस म्हणतो, माझ्या वेळी ठीक होते. दुसऱ्या पाळीचा म्हणतो, आवाज तर आठवड्यापासून येत होता. साहेब म्हणतात, माल निकृष्ट मिळाला. यांतले कोणीही मुद्दाम खोटे बोलत असेल असे नाही; पण शेवट ठाऊक झाल्यावर सुरुवात सांगणाऱ्याची जी अडचण होते ती सर्वांचीच झालेली असते. तीन महिन्यांपूर्वी त्याच यंत्रातून काढलेल्या तेलाला मात्र पुढे काय होणार हे माहीत नसते. १७६० साली उत्तरेतून पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला पानिपताचा निकाल जसा माहीत नव्हता, तसेच हे. त्या अजाणतेपणातच साधनाचे मोल आहे.

पण असे साधन निर्माण होण्यासाठी आधी एक गोष्ट घडावी लागली. तेल यंत्रात मुक्काम करू लागले.

आपल्याकडचे जुने वंगण वाहून जाणारे होते. बैलगाडीच्या आसाला एरंडेल आणि काजळी यांचे काळे वंगण चोपडत. ते चाकाबरोबर फिरे, धूळ गोळा करी आणि रस्त्यावर गळून जाई. पुण्याहून मिरजेकडे मीटर गेजची रेल्वे आली ती १८९० च्या सुमारास, सदर्न मराठा रेल्वेच्या अमदानीत. पुढे १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज मिरजेला येऊन मिळाली. पण वाफेच्या इंजिनाचा वंगणाच्या बाबतीतला व्यवहार बैलगाडीहून तत्त्वतः फारसा वेगळा नव्हता. लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन ड्रायव्हर किंवा फायरमन गाडी थांबली की इंजिनाभोवती फिरे, सांध्यासांध्यांत तेल घाली आणि जाता जाता बेअरिंगवर तळहात ठेवून पाही. हात ठेववला नाही तर समजायचे की काही तरी बिघडले आहे. घातलेले तेल आपले काम करून खडीवर ठिबकून जाई. साखर कारखान्यांतल्या चरकांच्या पितळी बेअरिंगांवरही असेच जाड काळे तेल वरून सोडत आणि ते खाली वाहून जाई.

अशा यंत्रांत झिजलेला धातू तेलाबरोबर निघून जातो. नमुना घ्यायला मागे काही उरतच नाही. त्यामुळे यंत्राविषयीचे सारे ज्ञान माणसाच्या हातात, कानात आणि नाकात असे. ते ज्ञान कमी प्रतीचे होते असे मुळीच नाही. पण ते लिहिले जात नव्हते. ड्रायव्हर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर तेही घरी जाई.

तेल यंत्रात राहू लागले ते तेलावर चालणाऱ्या इंजिनांबरोबर. या इंजिनांच्या इतिहासात आपल्या दोन जिल्ह्यांचे स्थान मोठे आहे. औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र यांपासून सुरू झालेला तो कारखाना १९२० च्या दशकात पंपांपर्यंत पोहोचला. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. तिथेही आरंभ लोखंडी नांगरांपासून झाला आणि पुढे डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, ही गोष्ट आज साताऱ्यातही फारशी कुणाला आठवत नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे वार्तापत्र होते, आणि त्यातूनच पुढे मराठीतले एक महत्त्वाचे मासिक उभे राहिले. लोखंड आणि लेखणी यांचे वैर नसते हे आपल्याकडे त्या काळीच सिद्ध झाले होते.

विहिरीवरच्या आणि पिठाच्या गिरणीतल्या इंजिनाच्या चेंबरमध्ये चार-सहा लिटर तेल असे आणि तेच पुनःपुन्हा फिरे. त्यात काजळी, डिझेल, धूळ आणि झिजलेले लोखंड साठत जाई. पत्र लिहिले जाऊ लागले होते. ते वाचणारा मात्र अजून नव्हता. गावातला मिस्त्री पट्टी बाहेर काढून तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चोळी, हुंगे आणि सांगे, ‘यात डिझेल उतरतेय, रिंगा गेल्या.’ पुष्कळदा ते खरे निघे. बदललेले जळके ऑइल मग गाडीच्या आसाला, कुंपणाच्या खांबांना किंवा वाळवी लागलेल्या तुळईला चोपडले जाई. जुन्या दप्तरांतले कागद वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी गेल्याबद्दल इतिहाससंशोधक हळहळत असत. त्यातलाच हा प्रकार. पण त्यासाठी मिस्त्रीला दोष देता येणार नाही. एका छोट्या इंजिनासाठी प्रयोगशाळा कोण उघडणार?

ती उघडली गेली ती दूर अमेरिकेत आणि रेल्वेसाठी. १९४० च्या दशकात तिकडच्या रेल्वे कंपन्या वाफेकडून डिझेलकडे वळत होत्या. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न ही कंपनी रॉकी पर्वतातल्या चढांवरून गाड्या नेत असे. नव्या इंजिनांच्या चेंबरमध्ये शेकडो लिटर तेल असे आणि इंजिन उघडून पाहणे खर्चाचे काम होते. १९४६ च्या सुमारास त्या कंपनीच्या प्रयोगशाळेने वापरलेल्या तेलाची वर्णपटीय तपासणी करून इंजिनातले बिघाड आधीच ओळखता येतात हे दाखवून दिले. १९५५ मध्ये अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी ही पद्धत स्वीकारली, आणि मग ती जगभर पसरली.

तत्त्व दिसायला सोपे आहे. दिवाळीच्या दारूकामात हिरवा रंग बेरियममुळे येतो आणि लाल रंग स्ट्रॉन्शियममुळे, कारण प्रत्येक धातू तापला की आपल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश देतो. तेलाचा नमुना विजेच्या ठिणगीत जाळला तर त्यातला प्रत्येक धातू आपली ओळख देतो, आणि प्रकाशाच्या तीव्रतेवरून त्याचे प्रमाण काढता येते. हे प्रमाण दशलक्षांश भागांत मोजतात. हजार किलो तेलात एक ग्रॅम लोखंड असले तर तो एक भाग झाला. इतक्या सूक्ष्म प्रमाणाचा सुगावा मिस्त्रीच्या बोटांना लागणे शक्य नव्हते.

मग धातूंवरून अवयव ओळखायचे. लोखंड लायनर आणि क्रँकशाफ्टकडून येते, ॲल्युमिनियम पिस्टनकडून, क्रोमियम मुलामा दिलेल्या रिंगांकडून किंवा लायनरकडून. तांबे बुशांचे, शिसे आणि कथील बेअरिंगच्या मऊ अस्तराचे. सिलिकॉन वाढले तर हवेच्या गाळणीतून धूळ आत येत आहे. सोडियम किंवा बोरॉन दिसले तर थंड करणारे पाणी कुठून तरी तेलात उतरत आहे, कारण ही द्रव्ये त्या पाण्यात मुद्दाम मिसळलेली असतात. जोडीला साध्या तपासण्या असतात. तेल पातळ झाले का, ते किती तापमानाला पेट घेते, त्यात पाणी आहे का? पाण्याची परीक्षा तर स्वयंपाकघरातलीच आहे. तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकायचा. तो तडतडला तर पाणी आहे. टिपकागदावर थेंब सोडून त्याची वर्तुळे पाहणे ही दुसरी स्वस्त परीक्षा. काजळी मध्येच थिजून राहिली तर तेलाची ती पसरवून धरण्याची शक्ती संपली असे समजतात.

पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉड गेज झाला. वाराणसीच्या कारखान्यात अमेरिकन आल्को कंपनीच्या आराखड्यावर १९६४ पासून डिझेल इंजिने बनू लागली होती. अशी इंजिने पुढे शिंदवणे आणि आदर्कीचे घाट चढून मिरजेला येऊ लागली. पुण्याच्या आणि नंतर हुबळीच्या शेडमधली इंजिने मिरजेच्या फलाटावर उभी असलेली आमच्या पिढीने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. कोयना एक्स्प्रेस किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेस ओढणारे इंजिन ठरावीक तपासणीसाठी शेडमध्ये गेले की त्याच्या तेलाची छोटी बाटली भरली जाई. बाटलीवर इंजिनाचा नंबर आणि तारीख लिहून ती शेडच्या प्रयोगशाळेत जाई आणि निघालेले आकडे त्या इंजिनाच्या नावे नोंदले जात. प्रवाशाला याचा पत्ता नसे. गाडी वेळेवर साताऱ्याला पोहोचली, यात त्या बाटलीचा काही वाटा आहे असे कुणाच्या मनातही येत नसे.

या नोंदी वाचायच्या कशा, हा खरा विषय. समजा एका इंजिनाच्या तेलात लोखंडाचे प्रमाण ओळीने ८, ९, ८, ११, १९, ३४ असे आले. यातला ३४ हा आकडा एकटा घेतला तर त्याला काहीच अर्थ नाही. दुसऱ्या एखाद्या इंजिनात वर्षानुवर्षे ३५ असेल आणि ते उत्तम चालत असेल. बोलतो तो आकड्यांचा क्रम. शेवटच्या तीन नोंदींत चढ एकाएकी वाढला, हे सांगण्यासाठी आधीच्या तीन कंटाळवाण्या नोंदी असाव्याच लागतात. त्या काळात काहीच घडत नव्हते. पण काहीच घडत नाही हे कुणी तरी चिकाटीने लिहून ठेवले होते. खऱ्यांच्या लेखसंग्रहातही लढायांच्या पत्रांपेक्षा हुंड्या, उंटांची वैरण आणि पावसाची खबर यांचीच पत्रे जास्त भरतील. नेहमीचा दिवस कसा होता हे कळल्याखेरीज संकटाचा दिवस ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट साधनाच्या अस्सलपणाची. नमुना यंत्र चालू असताना किंवा नुकतेच थांबवल्यावर, तेल गरम असताना घ्यायचा. थंड यंत्रात जड कण तळाशी बसलेले असतात. दर वेळी तो एकाच जागेवरून घ्यायचा, आणि ती जागा गाळणीच्या आधीची हवी. गाळणीनंतरचे तेल म्हणजे काटछाट केलेला मजकूर. नळीत अडकलेले जुने तेल आधी सोडून द्यायचे. बाटली कोरडी आणि स्वच्छ हवी. मागच्या नमुन्यानंतर किती लिटर नवे तेल भरले हे लिहायचे, कारण तेल खाणाऱ्या इंजिनात सारखे नवे तेल पडते आणि धातूचे प्रमाण पातळ होऊन बिघाड झाकला जातो. यातली एक अट मोडली तर हाती येतो तो बनावट कागद. त्याचे अक्षर सुंदर असते, शिक्काही असतो, पण मजकुरावर विश्वास ठेवता येत नाही.

असे बनावट कागद तयार होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. एका कारखान्यात, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, मी स्वतः तीन वेगवेगळ्या गिअरबॉक्सचे अहवाल पाहिले आहेत, ज्यांतले सगळे आकडे जवळजवळ सारखे होते. तीन यंत्रांची झीज इतकी सारखी असू शकत नाही. ड्युटी संपता संपता एकाच गिअरबॉक्समधून तीन बाटल्या भरल्या गेल्या असाव्यात, हे उघड होते. बाटल्या भरणाऱ्या कंत्राटी हेल्परला त्या कशासाठी भरायच्या हे कुणीच सांगितले नव्हते. वर्षभर अहवाल येत होते, फायलीला लागत होते, आणि कुणी वाचत नव्हते. जो कागद वाचलाच जाणार नाही तो खरा लिहावा असे लिहिणाऱ्याला तरी का वाटावे?

वर्णपटाच्या पद्धतीला स्वतःच्याही मर्यादा आहेत. साधारण पाच-दहा मायक्रॉनहून मोठे कण तिला नीटसे दिसत नाहीत, आणि बेअरिंगचा टवका उडतो तेव्हा कण नेमके मोठे असतात. म्हणून १९७० च्या दशकात व्हर्नन वेस्टकॉट यांनी फेरोग्राफी विकसित केली. तीत तेल चुंबकावर ठेवलेल्या काचेवरून वाहू देतात आणि अडकलेले लोखंडी कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नेहमीच्या घासण्याने पातळ पापुद्रे निघतात, धूळ शिरली असेल तर लेथवरच्या चुऱ्यासारखे वळलेले कण, आणि धातू थकला असेल तर टवके. वर्णपट किती झीज झाली ते सांगतो, काच ती कशाने झाली ते सांगते. एकाच घटनेची दोन स्वतंत्र पत्रे मिळावीत आणि ती एकमेकांना पूरक ठरावीत, असे हे आहे.

आता कोयनेकडे वळू. तिथल्या रोहित्रांत धातू झिजत नाही, कारण फिरणारे असे काही नसतेच. तिथे तेल दोन कामे करते: वीज अडवणे आणि उष्णता वाहून नेणे. तांब्याच्या वेटोळ्यांवर कागद गुंडाळलेला असतो आणि तो तेलात बुडालेला असतो. आत कुठे जास्त उष्णता झाली किंवा ठिणगी पडू लागली तर तेलाचे रेणू तुटतात आणि वायू निर्माण होतात. हे वायू पकडण्यासाठी माक्स बुखहोल्ट्स या जर्मन अभियंत्याने १९२१ मध्ये रिले शोधला, जो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. रिलेमध्ये साठलेला वायू पेट घेतो का, हे जुने अभियंते काडी लावून पाहत. पण रिले बोलतो तोवर बराच उशीर झालेला असतो. पुढे तेलात विरघळलेले वायू वेगळे काढून मोजण्याची पद्धत आली. हायड्रोजन दिसला तर बारीक विद्युत्स्राव, एथिलीन वाढले तर जास्त तापणे, ॲसिटिलीन आले तर ठिणगी, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढला तर कागद भाजतो आहे, असे साधारण वाचन असते. कॅनडातल्या हायड्रो-क्वेबेकच्या मिशेल दुव्हाल यांनी १९७० च्या दशकात तीन वायूंच्या प्रमाणावरून दोष ओळखण्याचा त्रिकोण मांडला. तो आज जगभर वापरला जातो. यासाठी नमुना बाटलीत न घेता काचेच्या सिरिंजमध्ये, हवेचा बुडबुडा येऊ न देता घेतात. रोहित्र न उघडता त्याच्या आतल्या कागदाचे वय कळावे, हे दप्तरखान्यात आयुष्य घालवणाऱ्यांना हेवा वाटावा असेच आहे.

कोयनेचे नाव निघाले की ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवल्याशिवाय राहत नाही. प्रकल्पातून वीज मिळू लागून पाच वर्षे झाली होती. त्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, पोफळीचे वीजकेंद्र थांबले आणि मुंबई अंधारात बुडाली. धरणात पाणी साठू लागल्यावर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले होते आणि त्यांची नोंद करण्यासाठी भूकंपमापकही बसवले गेले होते. त्या नोंदींनी भूकंपाची तारीख सांगितली नाही, सांगणे शक्यही नव्हते. पण जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा जगात जो अभ्यास झाला त्यात कोयनेचे उदाहरण अग्रभागी राहिले, ते या नोंदींमुळे. नियमित नोंद म्हणजे भविष्य नव्हे. आज आणि काल यांत फरक पडला आहे, एवढेच ती सांगते. तेलाच्या नमुन्याकडूनही याहून जास्त मागू नये.

मात्र तेवढ्यानेही किती फरक पडतो हे साखर कारखान्यात दिसते. सांगलीचा वसंतदादांनी उभा केलेला कारखाना असो की रेठरे बुद्रुकचा कृष्णा, गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात संपतो. त्या काळात यंत्राला थांबण्याची मुभा नसते. जानेवारीत चरकाचा गिअरबॉक्स गेला तर आवारात उसाच्या गाड्या उभ्या राहतात. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही उतरू लागतात, फडातली तोड थांबते आणि बीडकडून आलेल्या तोडणी मजुराची मजुरी बुडते. पूर्वी याला उपाय एकच होता: हंगाम संपला की सगळे उघडायचे. पण धडधाकट यंत्र उघडण्यातही धोका असतो. धूळ जाते, जुळणी बिघडते. हंगामभर तेलाची नोंद ठेवली असेल तर कुठला गिअरबॉक्स उघडायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे ठरवता येते. इथे तेलाचे शत्रूही निराळे असतात. पाणी आणि उसाचा रस शिरला की तेल दुधाळ होते, आणि रस आंबला की आम्लता वाढते.

उपसा सिंचन योजनांत प्रश्न याहून नाजूक असतो. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत अशा दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. टप्प्यांची रचनाच अशी की खालचा टप्पा थांबला तर वरच्या सगळ्या टप्प्यांना पाणी नाही. उभ्या पंपाचा आणि त्याच्या मोटरचा सारा भार ज्या थ्रस्ट बेअरिंगवर असतो ते तेलात बुडालेले असते. त्या तेलात कथील आणि शिसे वाढत आहे हे जानेवारीत कळले तर दुरुस्ती होऊ शकते. एप्रिलच्या आवर्तनात कळले तर एक पीक गेलेले असते. आणि पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ज्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, किंवा सांगली जिल्ह्यात ढालगावच्या बाजूला आहेत, त्यांचे गिअरबॉक्स मनोऱ्याच्या माथ्यावर असतात. तिथे नमुना घ्यायचा तर कमरेला पट्टा बांधून शिडी चढावी लागते. वारा येतो जून ते सप्टेंबर, म्हणून नमुना त्याआधी घ्यायचा. गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर प्रचंड क्रेन घाट चढवून आणावी लागते. तिच्यापुढे एका बाटलीचा खर्च काहीच नाही.

या सगळ्यात मिस्त्रीचे काय झाले, असा प्रश्न कुणी विचारील. प्रयोगशाळेने त्याला निकालात काढले असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. अहवालात तांबे वाढलेले दिसते. पण मागच्या आठवड्यात नवे बुश बसवले होते आणि ते अजून रुळत आहे, ही गोष्ट मिस्त्रीलाच ठाऊक असते. पटवर्धनांच्या घराण्याच्या शाखा ज्याला ठाऊक नाहीत त्याला खऱ्यांनी छापलेले पत्र वाचता येईल, पण कळणार नाही; तसेच हे. प्रयोगशाळेने मिस्त्रीला जे दिले ते स्मरण. त्याच्या बोटांना आजचे तेल कळत होते. सहा महिन्यांपूर्वीचे तेल त्याच्या शेजारी ठेवून पाहण्याची सोय मात्र त्याला नव्हती.

आता अखेरचा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सारे लिहिले. डिझेल इंजिनांचे युग आपल्याकडे ओसरले आहे. वाराणसीचा कारखाना आता विजेची इंजिने बनवतो आणि २०२० साली त्याच्या नावातूनही ‘डिझेल’ हा शब्द गेला. विजेच्या इंजिनाच्या पोटातही रोहित्र असते आणि त्याच्याही तेलाचा नमुना घेतात, त्यामुळे बाटलीची जागा सिरिंजने घेतली एवढेच म्हणता येईल. परंतु जुन्या वह्यांचे काय? घाट चढताना इंजिने किती झिजत, कुठल्या वर्षी कुठले तेल वापरात आले आणि त्याने काय फरक पडला, दुष्काळी सालांतली धूळ तेलात सिलिकॉन होऊन उतरली का, हे सारे त्या आकड्यांत आहे आणि दुसरे कुठेही नाही. कार्यालयांत जतनाची मुदत संपली की वही रद्दीत जाते; त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. वाण्याचाही नव्हता.

सांगलीत १९४७ साली सुरू झालेले आणि पुढे वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, वीजकेंद्र आहे, कारखानदारीची शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आहे. एखाद्या विद्यार्थ्याने एका सुट्टीत एका कारखान्याच्या किंवा शेडच्या तेलाच्या वह्या मागून घेतल्या आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवली तरी सुरुवात होईल. राजवाडे पायी हिंडून बासने सोडवीत असत. इथे तेवढी पायपीट नाही. फक्त रद्दीवाल्याच्या आधी पोहोचले पाहिजे.